इंटरनेट जोडणीतील दोषशोधन
मेजावरील संगणकाची इंटरनेट जोडणी खंडित झाल्यास दोषाचे नेमके स्थान शोधण्याची क्रमबद्ध पद्धती. संगणक, केबल, राउटर, सेवा पुरवठादाराची वाहिनी व दूरचा संगणक अशी ही साखळी असून तिची कोणतीही कडी निखळली, तरी पडद्यावरील लक्षण बहुधा एकच असते. म्हणून जवळच्या कडीपासून दूरच्या कडीकडे तपासणी करीत जातात.

प्रथम केबल घट्ट बसली आहे का व पोर्टजवळील दिवा लागतो का, हे पाहतात. नंतर संगणकाचा आयपी पत्ता तपासतात. तो १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असल्यास राउटरकडून पत्ता न मिळाल्याने संगणकाने तो स्वतःच घेतलेला असतो. अशा वेळी दोष सामान्यतः राउटरपर्यंतच्या भागात असतो. पत्ता योग्य असल्यास ‘पिंग’ या आज्ञेने आधी राउटरकडे व मग बाहेरील अंकी पत्त्याकडे लहान संदेश पाठवून प्रत्युत्तराची प्रतीक्षा करतात. ही आज्ञावली माइक म्यूस या अमेरिकन तज्ञांनी १९८३ मध्ये लिहिली. तिचे नाव सोनारच्या ध्वनीवरून पडले. केवळ राउटरच उत्तर देत असल्यास दोष बहुधा त्याच्या पलीकडे असतो. अंकी पत्ता उत्तर देतो, पण संकेतस्थळे नावाने उघडत नाहीत, असे आढळल्यास नावाचे अंकी पत्त्यात रूपांतर करणाऱ्या डीएनएस यंत्रणेकडे लक्ष द्यावे लागते. काही संगणक पिंगला हेतुतः उत्तर देत नाहीत. त्यामुळे एकाच पत्त्याच्या मौनावरून निष्कर्ष काढणे योग्य नसते.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करणे आवश्यक असते. अनेक बदल एकदम केल्यास जोडणी पूर्ववत झाली, तरी मूळ कारण अज्ञातच राहते.