आधी गाळा की आधी क्षमता? एका जर्मन बोर्ड गेमचं उत्तर



मे महिन्याच्या सुट्टीत 'व्यापार' आपण सगळेच खेळलोय. फासा टाकायचा, पडेल ती जागा घ्यायची आणि समोरचा कंगाल व्हायची वाट बघायची. त्यातून एक समज डोक्यात पक्का बसतो: जागा घेतली की धंदा झाला! आज ज्या गेमबद्दल सांगतोय, तो नेमका हाच समज मोडतो.

गेमचं नाव 'हान्सा ट्युटोनिका'. आंद्रेआस श्टेडिंग यांचा हा जर्मन गेम २००९ साली आला. हान्सा म्हणजे मध्ययुगातल्या उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांचा संघ. ल्यूबेक हे त्यातलं मुख्य शहर. ल्युनेबर्गचं मीठ ल्यूबेकमार्गे पुढे जायचं, त्यात हेरिंग मासा खारवायचा आणि तो लांबलांबच्या बाजारात विकायचा. खारवलेल्या मासळीचा धंदा मुंबईकराला वेगळा समजावायला नको! लंडन, ब्रुज, बर्गन, नोव्हगोरोद इथे या संघाच्या पेढ्या होत्या.

गेम चालतो कसा?

यात फासा नाही, म्हणजे नशिबाला दोष देता येत नाही. पटावर शहरं आणि त्यांना जोडणारे रस्ते. सुरुवातीला प्रत्येकाला एका पाळीत फक्त २ चाली मिळतात. आपले व्यापारी रस्त्यावर उभे करायचे. रस्ता पूर्ण आपल्या माणसांनी भरला, की निवड करायची: टोकाच्या शहरात पेढी उघडायची, किंवा काही ठरावीक शहरांत आपली एक क्षमता वाढवायची. दोन्ही एकदम मिळत नाही.

म्हणून बहुतेक खेळाडू आधी गोटिंगेनकडे धावतात. तिथे क्षमता वाढवली की २ चालींच्या ३ होतात. म्हणजे पुढच्या प्रत्येक पाळीत दीडपट काम.

आता लालबागला या

समजा, तुम्ही घरून मालवणी मसाला विकता. लालबागच्या मिरची गल्लीतून मिरची आणि खडा मसाला आणता, डंकावर कुटून घेता, घरी पाकिटं भरता. दिवसाला १० किलो, किलोमागे ८० रुपये सुटतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर २०,००० रुपये. (आकडे हिशोब समजण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला.)

हातात थोडी शिल्लक आहे. दोन वाटा आहेत.

पहिली वाट: दादरला छोटा गाळा, भाडं २५,००० रुपये. माल तेवढाच, महिन्याला २५० किलो. म्हणजे नुसतं भाडं निघायला किलोमागे आणखी १०० रुपये सुटायला हवेत. नाही सुटले, तर कमाई २०,००० आणि भाडं २५,०००. दर महिन्याला ५,००० खिशातून!

दुसरी वाट: पाकीट सील करायचं मशीन आणि ५०० रुपये रोजावर एक मदतनीस. माल २० किलो. १,६०० मधून ५०० गेले, दिवसाला १,१०० उरले. महिन्याचे २७,५००. मशीनची किंमत पुढच्या काही महिन्यांत वसूल.

पण थांबा. दुसरी वाट तेव्हाच खरी, जेव्हा ऑर्डर परत पाठवायची वेळ येतेय. गिऱ्हाईकच नसेल, तर २० किलो मसाला घरात पडून वास जाईल. तुमची अडचण हाताची आहे की गिऱ्हाइकाची, हे आधी ओळखा.

मग गाळा कधीच नको का?

तसं नाही. गेममध्ये शहरावर तुमचा ताबा असेल, तर त्या शहराचा रस्ता कुणीही पूर्ण केला तरी तुम्हाला गुण मिळतो. मोक्याच्या जागेचा फायदा हाच: रहदारी दुसऱ्याची, कमाई तुमची. जो क्षमताच वाढवत बसतो, त्याच्या आधी दुसरे पेढ्या मांडून मोकळे होतात. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी हात वाढवा, आणि वाढलेल्या हाताचा माल खपायला जागा कमी पडू लागली की गाळा बघा.

रिकाम्या हाताने उठू नका

गेममधला माझा आवडता नियम. तुमच्या व्यापाऱ्याला रस्त्यावरून उठवायचं तर समोरच्याला एक माणूस जादा खर्च करावा लागतो. वर तुम्हाला तो उठवलेला आणि आणखी एक, असे दोन व्यापारी जवळच्या रस्त्यावर ठेवता येतात. उद्या प्रदर्शनात मोठा दुकानदार तुमचा कोपऱ्यावरचा स्टॉल मागायला आला, तर नुसतं 'नाही' म्हणू नका आणि फुकट 'हो'ही म्हणू नका. त्याच्या दुकानात तुमच्या पाकिटांना एक फळी मागा.

एक गोष्ट मात्र हा गेम शिकवत नाही: उधारी. पटावर कुणी 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणत नाही. ती वही तुमची तुम्हालाच सांभाळायची आहे.

आजचा गृहपाठ: मागच्या ३० दिवसांत किती ऑर्डर हात अपुरे पडले म्हणून सोडल्या आणि किती माल गिऱ्हाईक नाही म्हणून उरला, हे दोन आकडे वहीत लिहा. पहिला मोठा असेल तर क्षमता वाढवा. दुसरा मोठा असेल तर आधी गिऱ्हाईक शोधा. आणि दोन्ही आकडे माहीतच नसतील, तर गाळ्याची अनामत अजिबात भरू नका.