ट्रॅक्टर का उलटतो?

ट्रॅक्टर हे यंत्र आता ग्रामीण भागातल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातले झाले आहे. नववी-दहावीतली अनेक मुले सुट्टीच्या दिवशी तो चालवतातही. मोटारसायकलवर बसलेल्या मुलाला ‘सांभाळून जा’ असे सांगणारे घर त्याच मुलाला ट्रॅक्टरवर बिनधास्त बसू देते. ट्रॅक्टर सावकाश चालतो, तो जड आहे आणि त्याची चाके मोठी आहेत, तेव्हा तो स्थिर असणारच, अशी आपली समजूत असते.

ही समजूत चुकीची आहे. ट्रॅक्टरच्या अपघातांमध्ये तो उलटून चालक खाली सापडणे हा सर्वांत घातक प्रकार समजला जातो. तो का उलटतो, याचे उत्तर शालेय पदार्थविज्ञानात आहे. गुरुत्वमध्य, बलाचा आघूर्ण आणि वर्तुळाकार गती एवढ्या तीन गोष्टी पुरतात.

चार चाके, पण पाया त्रिकोणी

एखादी वस्तू केव्हा कलंडते? तिच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा पायाच्या बाहेर गेली की कलंडते. पाया जितका रुंद आणि गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी वस्तू स्थिर.

उदाहरणासाठी सुमारे २००० किलो वजनाचा मध्यम आकाराचा ट्रॅक्टर घेऊ. मागच्या दोन चाकांमधले अंतर १३० सेंमी, पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर २०० सेंमी. गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंमी उंच आणि मागच्या आसाच्या पुढे ७० सेंमी आहे असे धरू. पिकांच्या ओळींवरून जाता यावे म्हणून ट्रॅक्टरचे पोट जमिनीपासून बरेच वर ठेवावे लागते. त्यामुळे गुरुत्वमध्यही वर जातो.

पाया आयताकृती असता तर मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर ६५ सेंमी झाले असते. ६५ भागिले ७५ म्हणजे ०.८७. ज्या कोनाचा टॅन ०.८७ आहे तो कोन सुमारे ४१ अंश. इतक्या आडव्या उतारावर कोणी ट्रॅक्टर नेत नाही, तेव्हा काळजीचे कारण नाही असे वाटेल.

पण ट्रॅक्टरच्या पुढे वाकून पाहा. पुढचा आस मधोमध एका पिनेवर टांगलेला असतो आणि झोपाळ्याच्या फळीसारखा डावी-उजवीकडे डुलतो. खाचखळग्यांतही चारही चाके जमिनीला टेकलेली राहावीत म्हणून ही सोय केलेली असते. तिचा परिणाम असा की ट्रॅक्टर कलू लागला तर पुढची चाके, आस अडेपर्यंत, त्याला आधार देत नाहीत. म्हणजे पाया चौरंगाचा नसून तिपाईचा आहे. त्याचे दोन कोपरे मागच्या चाकांपाशी आणि तिसरा पुढच्या पिनेपाशी. गुरुत्वमध्याजवळ या त्रिकोणाची अर्धी रुंदी ६५ सेंमी नसून सुमारे ४२ सेंमीच भरते. ४२ भागिले ७५ म्हणजे ०.५६, आणि कोन सुमारे २९ अंश. पिनेची जमिनीपासूनची उंची हिशेबात धरली तर हा कोन थोडा वाढतो. पण एक चाक खड्ड्यात गेले किंवा दुसरे बांधावर चढले की तो त्याहून अधिक घटतो.

वेग दुप्पट, धोका चौपट

सपाट रस्त्यावरही ट्रॅक्टर उलटतो, तो वळणावर. वळताना चाके आत वळतात, पण गुरुत्वमध्य जडत्वामुळे सरळ जाऊ पाहतो. कलंडवणाऱ्या या परिणामाचे वजनाशी असलेले प्रमाण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, भागिले ९.८. हा आकडा ०.५६ च्या आसपास पोहोचला की आतले चाक उचलले जाते.

ताशी २० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे ५.६ मीटर. या वेगाने ६ मीटर त्रिज्येचे वळण घेतले तर उत्तर येते ०.५३, म्हणजे जवळजवळ काठावर. हेच वळण ताशी १० किमी वेगाने घेतले तर उत्तर येते केवळ ०.१३. वेग निम्मा केला की धोका चौथाई होतो. सायकलीला साजेसा वेग ट्रॅक्टरला मात्र वळणावर उलटवू शकतो, हे विद्यार्थ्यांनी स्वतः आकडे घालून काढले की विसरत नाहीत.

ब्रेकचा संबंध इथेच येतो. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडल असतात, एक मागच्या डाव्या चाकासाठी आणि एक उजव्या. शेताच्या कडेला चटकन वळता यावे म्हणून एकाच चाकाला ब्रेक लावतात. रस्त्यावर येताना ही दोन्ही पेडल खिट्टीने जोडायची असतात. खिट्टी लावायची राहिली आणि वेगात असताना पाय एकाच पेडलवर पडला, तर ते चाक थांबते, दुसरे धावते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरून आडवा होतो. खिट्टी लावूनही दोन्ही ब्रेक सारखे धरत नसतील तर हेच घडते. म्हणून ब्रेक समान आहेत की नाही हे पाहणे हा देखभालीतला पहिला विषय.

पाऊण सेकंदाचा खेळ

ट्रॅक्टर मागच्या बाजूला उलटण्याचा प्रकार सर्वांत वेगवान. बाजूला कलंडताना निदान चाहूल तरी लागते. इथे तीही लागत नाही.

आपल्या ट्रॅक्टरचे वजन त्याला मागे उलटण्यापासून रोखते. २००० किलो गुणिले ०.७ मीटर म्हणजे १४०० किलो-मीटर इतका आघूर्ण पुढची चाके जमिनीवर दाबून धरतो. आता मागे साखळी बांधून एखादे झाडाचे खोड १२०० किलो-भार जोराने ओढायचे आहे असे समजा. साखळी ड्रॉबारला, जमिनीपासून ४० सेंमी उंचीवर बांधली, तर मागे उलटवणारा आघूर्ण १२०० गुणिले ०.४ म्हणजे ४८०. चिंता नाही. तीच साखळी वर, १ मीटर उंचीवर अडकवली तर आघूर्ण १२००. आता शिल्लक फक्त २०० उरली. हाच ट्रॅक्टर १५ अंशांच्या चढावर असेल तर गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि रोखणारा आघूर्ण १४०० वरून सुमारे ९६० वर येतो. पुढची चाके उचललीच म्हणून समजा. म्हणून ओढायचे ते नेहमी ड्रॉबारलाच बांधून, कधीही वर नाही.

दुसरा प्रसंग चिखलाचा. मागची चाके रुतली की काही जण त्यांच्यापुढे ओंडका किंवा दगड घालतात, चाकाला लाकूड बांधतात आणि क्लच झटकन सोडतात. चाक फिरू शकत नाही, तेव्हा इंजिन चाकाला फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचे धूडच मागच्या आसाभोवती फिरवू लागते. ‘परत न येण्याच्या’ बिंदूपर्यंत पोहोचायला साधारण पाऊण सेकंद लागतो आणि दीड सेकंदात ट्रॅक्टर पूर्ण उलटा होतो. काहीतरी चुकते आहे हे ओळखून पाय क्लचवर न्यायला माणसालाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. चालक कितीही तरबेज असो, ही शर्यत त्याने जिंकायची शक्यता फार थोडी. रुतलेला ट्रॅक्टर काढायचा तर रिव्हर्समध्ये. कारण तेव्हा हाच आघूर्ण पुढची चाके खाली दाबतो. तेही जमले नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावा.

सुरुवातीच्या काळात नांगर दगडात अडकून ट्रॅक्टर असेच मागे उलटत. हॅरी फर्ग्युसन यांनी नांगर तीन ठिकाणी जोडण्याची पद्धत विकसित केली. १९३९ साली फोर्डच्या कारखान्यातून निघालेल्या ट्रॅक्टरवर ती आली आणि पुढे जगभर रूढ झाली. नांगर अडला की वरचा दांडा, म्हणजे टॉप लिंक, ट्रॅक्टरला पुढे रेटतो आणि पुढची चाके खाली राहतात. आपल्याकडच्या ट्रॅक्टरमागे दिसणारी ती तीन टोके म्हणजे याच विचाराचे फळ.

चौकट आणि छत

पाऊण सेकंदात माणूस काही करू शकत नसेल, तर जे करायचे ते आधीच करून ठेवले पाहिजे. स्वीडनमध्ये १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर पोलादी संरक्षक चौकट बसवणे सक्तीचे झाले. ट्रॅक्टर उलटला तरी ही चौकट चालकाभोवती जागा राखते. तिथे दर एक लाख ट्रॅक्टरांमागे उलटून होणारे मृत्यू १९५७ मध्ये १७ होते. १९९० पर्यंत ते ०.३ वर आले.

चौकट असेल तर सीटचा पट्टा बांधलाच पाहिजे, नाहीतर चालक चौकटीबाहेर फेकला जाऊन तिच्याच खाली सापडतो. उलट, चौकट नसेल तर पट्टा बांधू नये. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांवर अशी चौकट दिसत नाही. दिसते ते उन्हासाठीचे पत्र्याचे किंवा ताडपत्रीचे छत. ते उलटणाऱ्या दोन टनांना थोपवू शकत नाही. मागच्या चाकांत पाणी भरल्याने मात्र गुरुत्वमध्य खाली येतो. वजन वाढवण्यासाठी शेतकरी हे करतातच. त्याचा हा दुसरा फायदा.

फिरता दांडा

ट्रॅक्टरची शक्ती रोटाव्हेटरला किंवा मळणी यंत्राला देणारा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. त्याचा घेर २२ सेंमी धरला तर तो एका सेकंदात सुमारे २ मीटर कापड गुंडाळून घेतो. ओढणीचे टोक, धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर अडकला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण ‘अडचण होते’ म्हणून काढून टाकलेले पुष्कळदा दिसते. मळणी यंत्रांच्या अपघातांमुळे भारतात १९८३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, हे इथे ध्यानात ठेवावे.

परदेशात हिरवळ कापण्यासाठी जे छोटे, बसून चालवायचे ट्रॅक्टर वापरतात, त्यांच्या सीटखाली एक स्विच असतो. पाते चालू असताना चालक सीटवरून उठला की यंत्र आपोआप बंद पडते. अशी सोय जिथे नाही तिथे तो स्विच आपणच व्हायचे: उतरण्यापूर्वी पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात.

देखभाल करताना

उचललेल्या नांगराखाली किंवा रोटाव्हेटरखाली कधीही शिरू नये. अवजार आधी जमिनीवर टेकवावे. हायड्रॉलिक नळीची गळती बोटाने चाचपू नये. सुईएवढ्या छिद्रातून येणारे तेल कातडीत घुसते. पुठ्ठा धरून पाहावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ विडी-काडी नको. तिची तार काढताना ऋण टोक आधी सोडावे आणि लावताना शेवटी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आणि जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या टोकांवर पान्हा टेकवून ट्रॅक्टर सुरू करू नये. तो गिअरमध्ये असेल तर सुरू होताच मागचे चाक माणसावरून जाते.

एक सीट, एक माणूस

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह पाण्याने भरलेल्या विहिरीत कोसळला. सात महिला मृत्युमुखी पडल्या. ट्रॉली माल वाहण्यासाठी असते; तिच्यात माणसाला धरायला काही नसते आणि ती उलटली तर बाहेर पडायला वाटही नसते. मडगार्डवर बसलेल्या मुलाच्या आणि मागच्या चाकाच्या मध्येही वीतभर पत्र्याखेरीज काही नसते. ट्रॅक्टर हे कायद्याने मोटार वाहन आहे. १८ वर्षे पूर्ण होण्याआधी आणि परवान्याशिवाय तो रस्त्यावर चालवता येत नाही. सीट एकच असते, ती याचसाठी.

वर्गात करून पाहा

१. सारख्या उंचीची आणि रुंदीची एक तीन पायांची व एक चार पायांची पुठ्ठ्याची तिपाई करा. दोन्ही एका फळीवर ठेवा. घसरू नयेत म्हणून पायांच्या कडेने बारीक पट्टी चिकटवा. फळी हळूहळू कलती करा आणि कोणती कितव्या अंशाला पडते ते ओळंबा व कोनमापकाने मोजा. मग वर ओल्या मातीचा गोळा ठेवून पुन्हा मोजा.

२. एकाने पट्टी उभी धरून सोडावी, दुसऱ्याने दोन बोटांत पकडावी. पट्टी २० सेंमी घसरली तर प्रतिक्रियेचा वेळ ०.२ सेकंद. हा वेळ, काय करायचे ते आधीच ठरलेले असतानाचा. अनपेक्षित प्रसंगी तो कितीतरी वाढतो, यावर चर्चा घडवा.

३. गावातला बंद करून ठेवलेला ट्रॅक्टर मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली मोजा: मागच्या चाकांमधले अंतर, आसांमधले अंतर, ड्रॉबारची उंची. ब्रेकची खिट्टी जागेवर आहे का, पीटीओवर आवरण आहे का, ट्रॉलीला मागे परावर्तक आहेत का, याची नोंद घ्या. ती वही मुलांनी घरी नेऊन वडिलांना किंवा काकांना दाखवावी. शिक्षकाने सांगितलेला नियम घरी कदाचित ऐकला जाणार नाही. पण आपल्याच ट्रॅक्टरचे, आपल्याच मुलीने किंवा मुलाने मोजलेले आकडे सहसा कोणी नाकारत नाही.