प्रत्येक खंडास तीन
गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० पासून संपादिलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांत 'वसई' शोधले, तर निकालांचे पहिले पान सोळाव्या खंडानेच भरून जाते, कारण तो खंड १७३७-३९ च्या वसई मोहिमेलाच वाहिलेला आहे. इतर खंडांतील एखादे मोलाचे पत्र त्या दाटीत कोठल्या कोठे बुडते. एका अभ्यासक स्नेह्याची ही तक्रार दूर करणारी मुलगी पाचूबंदरची आहे असे कळले, म्हणून मी तिच्या घरी गेलो. खिडकीतून वाळत्या बोंबलांचा दर्प येत होता, आणि तो तिच्या गावीही नव्हता.

"नुसतं लिमिट तीन लिहिलं, काका, तर सगळ्यांची मिळून तीनच येतात. आपल्याला खंडागणिक तीन हवीत."

पोस्टग्रेस या डेटाबेसमधील तिचा उपाय असा: जुळलेली पत्रे खंडवार वाटायची, प्रत्येक खंडात जुळणीच्या गुणांनुसार त्यांना १, २, ३ असे क्रमांक द्यायचे, आणि हे क्रमांक 'व्हेअर'ची चाळण होऊन गेल्यावरच पडत असल्याने, त्या क्वेरीभोवती दुसरी क्वेरी घालून तिच्यात तीनपुढचे वगळायचे. गुण समसमान असतील तर पत्रक्रमांक निर्णायक. एरवी तेच पान दुसऱ्यांदा उघडता पत्रे खुशाल जागा बदलतील. यात एक खर्च मात्र टळत नाही: पडद्यावर तीनच दाखवायची असली तरी गुण जुळलेल्या प्रत्येक पत्राला द्यावे लागतात.

दुसरी तऱ्हा 'लॅटरल'ची, म्हणजे प्रत्येक खंडासाठी स्वतंत्र शोध. खंड ४५ च, तेव्हा तीही परवडेल, असे ती म्हणाली. 'वसईस', 'वसईहून' ही रूपे 'वसई'शी जुळवणारी मराठी सोय पोस्टग्रेसमध्ये आयती मिळत नाही. ती तिने स्वतः यादी करून भागवली होती.

माझे मन मात्र चौथ्या पत्रावर अडले. गुण हे मुख्यतः शब्द किती वेळा आला यावरून ठरतात, आणि ज्या पत्रात वसईचे नाव एकदाच येते तेच कदाचित रसद का अडली हे सांगणारे असेल. तीनची मर्यादा लहान खंडांना न्याय देते हे मला मान्य आहे. पण उरलेल्यांची गणती दडवली, तर तो न्याय नव्हे, दफ्तरी लपवाछपवी होय. तसे बोलून दाखवताच तिने सोळाव्या खंडाखालची ओळ दाखवली: तिथे उरलेल्या पत्रांची संख्या होती, आणि तिच्यावर टिचकी मारताच ती सारी क्रमाने उघडली.