पोटातले पाहुणे आणि डोळ्यांवरची झोप

रात्री दोनचे ठोके ऐकणाऱ्या माणसाला जो कोणी उपाय सांगेल तो देवासारखा वाटतो. मी गेले वर्षभर त्या पंगतीला आहे. झोपेची गोळी घेतो. पण ती जन्माची सोबतीण होईल की काय, ही धास्ती झोप न येण्याहून वाईट! म्हणून चिरंजीवांनी ‘प्रोबायोटिक’ची डबी आणून “बाबा, पोटातले जंतू सुधारा, झोप येईल, मनही हलके होईल” असे सांगितले, तेव्हा मी जरा चौकशी केली.

पोटाचा आणि मनाचा संबंध थोतांड नाही. 2011 साली आयर्लंडमधील कॉर्कच्या संशोधकांनी एक लॅक्टोबॅसिलस जंतू उंदरांना खाऊ घातला. उंदरांची भीती कमी झाली. पोटाकडून मेंदूकडे जाणारी व्हेगस ही नस कापली, तेव्हा मात्र तो परिणाम नाहीसा झाला. म्हणजे निरोप त्या तारेवरूनच जात होता! पुढे 2017 साली तोच जंतू निरोगी पुरुषांना देऊन पाहिला, तर खोट्या गोळीपेक्षा काही अधिक साधले नाही. उंदीर सुखी झाले, माणूस आपला जिथल्या तिथे.

जपानची हकीकत जरा आशादायक आहे. वैद्यकाच्या राष्ट्रीय परीक्षेची तयारी करणाऱ्या 60 तरुणांवर झालेला प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला. चोवीस आठवडे गोळ्या घेणाऱ्यांची चिंता खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी झाली, झोपही सुधारली. गंमत अशी, की त्या गोळ्यांतले जंतू उष्णतेने आधीच मारलेले होते! पण ही परीक्षेने गांजलेली तरुण मंडळी. माझ्यासारखे मुरलेले निशाचर नव्हेत.

“मग डबी कशाला, घरचे दही काय वाईट?” असे आमच्या वहिनींनी विचारले. दही उत्तमच. परंतु आपल्या विरजणात कोणते जंतू नांदतात ते कोणी मोजलेले नसते, आणि एका जंतूचा गुण दुसऱ्यात असतोच असे नाही. शिवाय रात्री दही खाऊ नये, असे चरकसंहितेतच सांगितले आहे. मी दुपारी खातो.

आमच्या डॉक्टरांनी डबीला हरकत घेतली नाही. मात्र प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रोग्याने विचारल्याशिवाय जिवंत जंतू घेऊ नयेत, आणि झोपेची गोळी कोणीही आपल्या मनाने एकदम बंद करू नये, असे त्यांनी दोनदा बजावले. जुन्या निद्रानाशावर त्यांचा भर निराळ्याच गोष्टींवर आहे : रोज ठरल्या वेळी उठा, झोप येत नसेल तर अंथरुणात लोळत पडू नका, आणि घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा.