जावई परदेशात आहे, पण व्हिसा कोणता?

मागच्या हिवाळ्यातील गोष्ट. आमच्या वस्तीतील, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ रात्री नऊ वाजता माझ्या घरी आले. पिशवीत मुलीच्या गुणपत्रिका होत्या. म्हणाले, "भाऊ, पोरगी एम.कॉम. झाली. जावई लंडनले शिकून राह्यले. लग्नाले तीन महिने झाले. आता म्हणते का पोरीले व्हिसाच भेटत नाही. तिच्यात काय कमी हाय?"

मुलीत काहीच कमी नव्हते. लग्नापूर्वी एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. मुलाचे शिक्षण विचारले, पगार विचारला, घरदार पाहिले. त्याच्या पासपोर्टवर कोणता व्हिसा आहे, हे मात्र कोणी विचारले नाही. जोडीदार म्हणून परदेशी जाताना आपली पदवी सहसा मागे राहते. तिकडे असलेल्या माणसाचा व्हिसा कोणता, यावरच आपले जाणे आणि तिथे नोकरी करणे ठरते. मुलगी तिकडे आणि मुलगा इकडे असला तरी हिशेब हाच.

विद्यार्थी असेल तर

इंग्लंडमध्ये एक वर्षाच्या साध्या एम.एस्सी. किंवा एम.ए.साठी गेलेल्या विद्यार्थ्याला १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांसाठी पत्नीला नेता येत नाही. पीएच.डी. किंवा संशोधनाची पदवी करणाऱ्यास ही मुभा आहे. शिक्षण संपल्यावर तिथे नोकरी शोधण्यासाठी जो 'ग्रॅज्युएट' व्हिसा मिळतो, त्यावरही नव्याने पत्नीला बोलावता येत नाही. ती आधीपासून विद्यार्थ्याची आश्रित म्हणून तिथे असावी लागते. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीचे घोडे इथेच अडले होते.

आपल्या समाजातील अनेक मुले-मुली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती घेऊन जातात. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सरकारी शिष्यवृत्तीवर सहा महिन्यांहून अधिक काळाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम करणाऱ्याला इंग्लंडच्या नियमात जोडीदारासाठी सवलत आहे. आपले शिष्यवृत्तीचे पत्र त्यात बसते काय, हे विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी घ्यावे. मात्र शिष्यवृत्ती विद्यार्थ्यापुरती असते. जोडीदाराचा खर्च स्वतःच उभा करावा लागतो.

बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले तेव्हा रमाई मुंबईला मागे राहिल्या. त्यांनी काय सोसले हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. आज मागे राहण्याची पाळी आलीच तर ती निदान माहितीअभावी येऊ नये.

नोकरीत असेल तर

इंग्लंडच्या 'स्किल्ड वर्कर' व्हिसावर पदवीच्या दर्जाची नोकरी असेल तर पत्नी जाऊ शकते आणि तिथे नोकरीही करू शकते. पण जुलै २०२५ पासून या व्हिसासाठी साधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो. वृद्धांची किंवा आजाऱ्यांची काळजी घेण्याच्या कामावर जुलै २०२५ पर्यंत परदेशातून नव्याने जाता येत होते, पण मार्च २०२४ पासून अशांना कुटुंब नेता येत नव्हते. एजंट हे सांगत नाहीत.

मुलगा तिथे कायमचा स्थायिक किंवा तिथला नागरिक असेल तर जोडीदाराचा व्हिसा वेगळा. त्यासाठी एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न दाखवावे लागते. अर्ज करणाऱ्याला इंग्रजीची 'ए-१' ही प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. पदवी इंग्रजी माध्यमातील असून तशी अधिकृत खातरजमा झाली असेल तर परीक्षा माफ होते. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्यांनी परीक्षेची तयारी आधीच सुरू करावी. क्षयरोग नसल्याचा दाखलाही लागतो.

अमेरिकेत विद्यार्थ्याच्या पत्नीला 'एफ-२' व्हिसा मिळतो. त्यावर जाता येते, नोकरी मात्र करता येत नाही. 'एच-१बी'वर नोकरी करणाऱ्याच्या पत्नीला 'एच-४' मिळतो. २०१५ पासून यातील काहींना कामाची परवानगी मिळते. पण साधारणपणे नवऱ्याचे ग्रीन कार्डचे काम एका टप्प्यापर्यंत गेलेले असावे लागते. म्हणजे इंजिनिअर झालेली मुलगी काही वर्षे घरीच बसू शकते. हे लग्नाआधी मुलीला कळले पाहिजे, विमानतळावर नव्हे.

जर्मनीत जोडीदाराला लगेच काम करता येते. जाण्यापूर्वी सहसा जर्मन भाषेची 'ए-१' परीक्षा द्यावी लागते. ती मुंबई-पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात देता येते. नवरा 'ब्लू कार्ड'वर असेल तर ही अट नाही.

मुलीची स्वतःची वाट

पदवीधर मुलीने आश्रित म्हणूनच जावे असे कुठे आहे? भारत आणि इंग्लंड यांच्यातील 'यंग प्रोफेशनल्स' योजना २०२३ पासून सुरू आहे. १८ ते ३० वयाच्या पदवीधर भारतीयाला सोडतीने दोन वर्षांचा व्हिसा मिळतो. सोडतीत नाव घालायला पैसे लागत नाहीत. नंबर लागल्यास व्हिसाचे शुल्क, आरोग्य अधिभार आणि खात्यात २,५३० पौंड शिल्लक दाखवावी लागते. पदरी लहान मूल नसावे. जर्मनीत जून २०२४ पासून 'चान्सनकार्टे' आहे. त्यावर पदवीधराला तिथे जाऊन वर्षभर नोकरी शोधता येते.

असा व्हिसा मुलीच्या स्वतःच्या नावावर असतो. उद्या संसारात काही बिनसले तर तिचे तिथे राहणे नवऱ्याच्या मर्जीवर राहत नाही. बापांनी याचा विचार करावा.

विहारातील लग्न आणि सरकारी कागद

आपले लग्न विहारात किंवा मंडपात बौद्ध पद्धतीने लागते. भंतेजी किंवा बौद्धाचार्य प्रमाणपत्र देतात. ते जपून ठेवावे, पण व्हिसाच्या अर्जाला तेवढे पुरत नाही. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे महानगरपालिकेत किंवा गावी ग्रामपंचायतीत ९० दिवसांच्या आत नोंदणी करावी. तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्याची सही लागते. म्हणून लग्नाच्या दिवशीच सह्यांचे काम उरकून घ्यावे. मुलाची रजा पंधरा दिवसांचीच असते. विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते आणि दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य लागते.

नाव बदलण्याची घाई करू नका. पासपोर्ट, गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि विवाह प्रमाणपत्र यांत एक अक्षर वेगळे असले तरी फेरे सुरू होतात. लग्नानंतर माहेरचे नाव ठेवायला कायद्याची हरकत नाही.

खोटी बँक शिल्लक, खोटा अनुभव दाखवणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. खोटा कागद सापडला तर इंग्लंडची दारे दहा वर्षांपर्यंत बंद होऊ शकतात. लग्न करून मुलगा निघून गेला आणि फिरकलाच नाही, तर राष्ट्रीय महिला आयोगात अशा तक्रारींसाठी २००९ पासून अनिवासी भारतीय कक्ष आहे.

हे नियम वरचेवर बदलतात. पैसे भरण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा किंवा घरातील शिकलेल्या पोरांना वाचायला लावा.

त्या मुलीने 'यंग प्रोफेशनल्स'च्या सोडतीत नाव घातले. पहिल्या खेपेला नंबर लागला नाही. ती सध्या नागपुरातच एका कार्यालयात हिशेब लिहिते, पगारातून २,५३० पौंडांची तजवीज करते आणि पुढच्या सोडतीची वाट पाहते. तिचे वडील आता कोणाच्याही घरी लग्नाची बोलणी निघाली की पहिला प्रश्न तोच विचारतात : "व्हिसा कोणता हाय?" तुम्हीही विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.