नित्यगोठित मृदेतील वायुप्रवाह

सलग दोन वा अधिक वर्षे ज्या भूमीचे तापमान ०° से. किंवा त्याखाली राहते, तिला नित्यगोठित भूमी म्हणतात. सायबीरिया, अलास्का, उत्तर कॅनडा व लडाखचे उंच भाग येथे ती आढळते. स्वालबार्ड बेटांवरही ती असून तेथे भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधनस्थानक २००८ मध्ये सुरू झाले. त्याचे संचालन गोव्यातून होते.

नाशिक जिल्ह्यातील नामपूरसारख्या उष्ण प्रदेशात मृदेतील पालापाचोळा लवकर कुजतो व त्यातील कार्बन हवेत परत जातो. गोठलेल्या मृदेत ही क्रिया जवळजवळ थांबते. परिणामी उत्तरेकडील नित्यगोठित प्रदेशांत हजारो वर्षांत सु. १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन साठला आहे. वातावरणातील कार्बनाच्या तो जवळजवळ दुप्पट भरतो.

उन्हाळ्यात वितळणाऱ्या वरच्या थरास सक्रिय थर म्हणतात. तापमानवाढीमुळे हा थर जाड होतो व सूक्ष्मजीव जुन्या सेंद्रिय द्रव्याचे अपघटन करू लागतात. निचऱ्याच्या जमिनीतून मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइड, तर पाणथळ जमिनीतून मिथेनही बाहेर पडतो.

एकक क्षेत्रातून एकक काळात जाणारी वायूची राशी म्हणजे वायुप्रवाह. तो मोजण्यासाठी जमिनीवर पेटी उपडी बसवून तीतील वायूचे प्रमाण किती वेगाने बदलते, ते पाहतात. विस्तृत क्षेत्रासाठी मनोऱ्यावरील उपकरणे वापरतात. उन्हाळ्यात वनस्पती कार्बन शोषून घेतात. हिवाळ्यात मात्र मृदेतून मंद उत्सर्जन चालूच राहते. त्यामुळे वर्षभराच्या मापनांवाचून ही भूमी कार्बनाची शोषक आहे की स्रोत, हे ठरविता येत नाही.