खरखर आणि खर्ज

बँकेतून निवृत्त झालो त्या दिवशी सहकाऱ्यांनी विचारले होते, "आता वेळ कसा घालवणार?" उत्तर माझ्यापाशी तयार होते. सदतीस वर्षे मी लोकांच्या पैशांचा हिशेब ठेवला आणि उरलेल्या आयुष्यासाठी दोन जुने छंद राखून ठेवले. एक पेटीवादनाचा, दुसरा संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा. पहिला घरातून आला, दुसरा नोकरीतून. बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी डॉ. रंगराजन समितीने 1984 मध्ये अहवाल दिला आणि पुढे काही वर्षांत आमच्या शाखेत खतावणीची यंत्रे आली. अनेकांना त्यांची धास्ती वाटली. मला मात्र त्यांचे वेड लागले. निवृत्तीनंतर पुस्तके आणून पायथन ही संगणकभाषा शिकलो. हे दोन छंद एकत्र आले की काय काय साधते, आणि माणसाच्या हातून काय काय निसटू शकते, याचा एक घरगुती अनुभव वाचकांपुढे ठेवतो.

सात कोटी नोंदी

संगणकात ध्वनी साठवला जातो म्हणजे नेमके काय होते? बँकेच्या भाषेत सांगायचे तर त्याची रोजकीर्द लिहिली जाते. हवेचा दाब क्षणोक्षणी किती आहे, याची एकामागून एक नोंद होते. 1982 मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला 44,100 नोंदी हे प्रमाण ठरले. प्रत्येक नोंद 65,536 संभाव्य आकड्यांपैकी एक असते. हा दर येतो मानवी कानावरून. निरोगी तरुण कानाला सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, आणि एखादे कंपन अचूक टिपायचे तर त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने नोंदी कराव्या लागतात, असे गणित सांगते. या हिशेबाने अर्ध्या तासाच्या एकेरी मुद्रणात 7 कोटी 93 लाख 80 हजार नोंदी होतात. माझ्या साऱ्या नोकरीत मी तपासलेल्या नोंदी याच्या जवळपासही जाणार नाहीत. संगणक मात्र त्यांची बेरीज-वजाबाकी चहा निवेपर्यंत उरकतो.

याच सामर्थ्याचा मला मोह पडला.

सांगलीची ध्वनिफीत

माझी आत्या उत्तम गात असे. मिरजेच्या एका गुरुजींकडे तिने बारा वर्षे तालीम घेतली. पण ती व्यासपीठावर कधी बसली नाही. 1986 च्या पावसाळ्यात सांगलीच्या आमच्या घरी माझ्या थोरल्या भावाने कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणला आणि माजघरात तिचे गाणे टिपले. साठ मिनिटांची कॅसेट, एकेका बाजूला अर्धा तास. पहिल्या बाजूला एक विलंबित ख्याल आणि त्याला जोडून दोन चिजा. तबल्याला शेजारचे काका होते. तंबोऱ्यावर माझी आई बसली होती. तिला गाणे येत नव्हते. पण आत्या रियाजाला बसली की वहिनीनेच तंबोरा धरायचा, असा घरातला शिरस्ता होता.

आई 1991 मध्ये गेली. ती कॅसेट भावाच्या कपाटात तशीच राहिली आणि चार वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. आत्याने आता एक्याऐंशी पूर्ण केली आहेत. तिच्या वाढदिवसाला ते गाणे स्वच्छ करून तिच्या हाती द्यावे, असे मी ठरवले.

कॅसेट संगणकात उतरवली. तीत फितीची स्वाभाविक सरसर होती, विजेची घूं होती, पत्र्यावरचा पाऊस होता, जिन्यावरची पावले होती. मी कंबर कसली. बाजारात तयार साधने आहेत. ऑडॅसिटी हे तर विनामूल्य मिळते. परंतु छंदिष्टाला आपले औजार आपणच घडवायचे असते. मी स्वतःची आज्ञावली लिहिली.

तिची रीत थोडक्यात अशी. ध्वनीचे अगदी लहान तुकडे करायचे. माझा तुकडा 2,048 नोंदींचा, म्हणजे सुमारे 46 मिलिसेकंदांचा होता. त्या तुकड्यात कोणत्या कंपनसंख्येचा किती अंश आहे, हे फूरिएच्या गणिताने वेगवेगळ्या कप्प्यांत मांडायचे. मग जिथे गाणे नाही, केवळ खरखर आहे, असा एखादा भाग नमुना म्हणून द्यायचा. प्रत्येक कप्प्यात त्या नमुन्याच्या पातळीचे किंवा त्याहून क्षीण जे काही आढळेल, ते खरखर समजून दाबून टाकायचे. नमुना म्हणून मी आत्याने पहिला सा लावण्यापूर्वीचे चार सेकंद निवडले. संगणकाच्या लहानशा कर्ण्यातून मला तिथे घूंशिवाय काही ऐकू आले नव्हते.

निकाल पाहून मी हरखलो. पाऊस गेला, पावले गेली, आत्याचा आवाज काचेसारखा लख्ख झाला. वाढदिवसाच्या दिवशी तिच्या कानाला चांगले हेडफोन लावले. डोळे मिटून तिने पाच-सात मिनिटे ऐकले. मग हेडफोन काढून ठेवत म्हणाली, "गाणं माझंच आहे रे. पण वहिनी कुठं गेली?"

चूक कोठे झाली?

घरी येऊन मी पुन्हा ऐकले. आत्याचा स्वर थांबला की मागे पोकळी पडत होती. तंबोरा नव्हताच. गाण्याच्या ओघात कुठे त्याची सावली उमटे आणि लगेच विरून जाई.

कारण शोधायला वेळ लागला नाही. मी नमुना म्हणून दिलेल्या चार सेकंदांत तंबोरा आधीच सुरू झालेला होता. मायक्रोफोन आत्याच्या पुढ्यात आणि आई तिच्या मागे, म्हणून तो मंद आला होता इतकेच. संगणकाला मीच सांगितले होते की हा जो संथ, अखंड, न बदलणारा नाद आहे तो कचरा आहे. त्याने आज्ञा इमानाने पाळली.

त्यात विजेच्या घूंनेही भर घातली. आपल्याकडील विजेची वारंवारता 50 हर्ट्झ. तिची घूं 100 आणि 200 हर्ट्झलाही ऐकू येते. आत्या काळी चारमध्ये गात असे. त्या पट्टीचा सा सुमारे 208 हर्ट्झवर, आणि तंबोऱ्याच्या खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 104 वर. माझ्या आज्ञावलीतला एकेक कप्पा साडेएकवीस हर्ट्झ रुंदीचा होता. त्यामुळे 100 ची घूं आणि 104 चा खर्ज तिच्या लेखी एकच होते. कानाला जो भेद पहिल्या क्षणी कळतो, तो त्या कप्प्यांत मावतच नव्हता.

आणखी एक गोष्ट गेली होती. ख्याल संपल्यावर आई हळूच म्हणते, "थांब, खर्ज उतरलाय." मग खुंटी पिळल्याचा आवाज, आणि तार पुन्हा जुळते. ते तीन शब्द नमुन्याहून क्षीण असल्याने पुसले गेले होते. आईच्या आवाजाचे दुसरे कोणतेही मुद्रण आमच्या घरी नाही.

एवढ्यावर निभावले असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. मूळ फाइल उघडून पुन्हा काम करता आले असते. परंतु माझ्या आज्ञावलीने स्वच्छ केलेला ध्वनी त्याच नावाने, त्याच जागी लिहिला होता. मूळ नोंद नष्ट झाली होती.

हे कोणी केले, तर सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाने! वहीत खाडाखोड करायची नाही, हा आमचा पहिला धडा. चुकीचा आकडा एका रेघेने छेदायचा, खालचे वाचता आले पाहिजे, बाजूला सही करायची. खात्यातली चूक उलट नोंदीने दुरुस्त करायची, मूळ नोंद तशीच ठेवायची. ब्लेडने खरवडलेला आकडा दिसला की मी हाताखालच्या मुलांना फैलावर घेत असे. आणि घरच्या वहीचे पान मी स्वतः खरवडून टाकले होते.

दोन सेकंदांचे नुकसान

कॅसेट अजून होती. घाईघाईने ती पुन्हा लावली. माझ्या जुन्या टेपरेकॉर्डरचे रबरी चाक कडक झाले होते. फीत त्याच्याभोवती गुंडाळली गेली, चुरगळली आणि तुटली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या अवधीत मी एक पळवाटही काढली. केविन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग या दोघांनी 1983 मध्ये छेडलेल्या तारेचा नाद संगणकावर निर्माण करण्याची एक अतिशय सोपी रीत प्रसिद्ध केली होती. कोणतेही यादृच्छिक आकडे घ्यायचे, ते एका चक्रात फिरवत ठेवायचे आणि दर फेरीत शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी घ्यायची. खरखरीतून हळूहळू तारेचा गोड नाद उमटतो. तंबोऱ्याची जवारी त्यात सहज येत नाही. घोडीच्या किंचित वक्र पृष्ठभागावर तार घासत राहते आणि जवारीचा धागा तिला नेमक्या ठिकाणी उचलून धरतो, म्हणून उपस्वरांची ती झळाळी उठते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही या घोडीचे कुतूहल वाटले आणि 1921 मध्ये त्यांनी त्यावर लिहिले. मी जमेल तशी जवारीची नक्कल केली, पंचम, जोडी आणि खर्ज लावले आणि तो तंबोरा आत्याच्या गाण्याखाली मिसळला.

आत्याने ऐकले. "सुरात आहे," ती म्हणाली. "पण हा वहिनीचा हात नाही. जोडीवर ती जरा रेंगाळायची. मी त्या जागेवर श्वास घ्यायचे."

शेवटी मिरजेत जुनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क गृहस्थांकडे गेलो. त्यांनी कॅसेटचे स्क्रू काढले, फीत हलक्या हाताने सोडवली, फाटलेला भाग कापला आणि जोडपट्टीने दोन्ही टोके जुळवली. साधी चिकटपट्टी त्यांनी दूर सारली. तिचा गोंद पसरून पुढचे वेढे चिकटतात. कापलेला भाग साडेनऊ सेंटीमीटरचा होता. कॅसेटमधील फीत सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटरच्या जवळपास सरकते, म्हणजे नुकसान दोन सेकंदांचे. चुरगळलेल्या जागी आवाज काही काळ दबका येतो. बाकी सारे परत मिळाले: पाऊस, पावले, घूं, तंबोरा आणि ते तीन शब्द.

ठरवणार कोण?

1902 मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे टिपले गेले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचे, तीन मिनिटांत राग उरकायचा आणि शेवटी आपले नाव स्वतःच पुकारायचे, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. मंद वाद्यांचा नाद त्या कर्ण्याला नीट पकडता येत नसे. काय टिकावे आणि काय गळावे, हे तेव्हा यंत्राची मर्यादा ठरवत असे. 1925 च्या सुमारास विजेवरचे मुद्रण आले आणि मर्यादा एकेक करून सैल होत गेल्या.

आज गळणाऱ्या गोष्टी आपण ठरवतो. 1997 मध्ये आलेले ऑटो-ट्यून गायकाचा सूर जवळच्या ठरावीक सुरावर ओढून बसवू शकते. मग दरबारीतला आंदोलित गंधार त्याला चूक वाटला तर नवल नाही. खरखर म्हणजे काय आणि गाणे म्हणजे काय, याची व्याख्या कोणत्याही आज्ञावलीत नसते. ती वापरणाऱ्याने द्यावी लागते. मी दिली ती चुकीची होती, आणि चूक दाखवणारी व्यक्ती सुदैवाने हयात होती.

वाचकहो, आपल्याही कपाटात अशा कॅसेट असतील. या दिवाळीच्या आवराआवरीत त्या बाजूला काढा. लावण्यापूर्वी यंत्र साफ करून घ्या आणि दुसऱ्या एखाद्या निरुपयोगी कॅसेटवर त्याची परीक्षा घ्या. वरच्या कडेचे लहान प्लास्टिकचे दात मोडून टाका, म्हणजे चुकूनही त्यावर दुसरे मुद्रण होणार नाही. संगणकात उतरवताना जसे आहे तसे उतरवा. स्वच्छता नंतर, आणि तीही निराळ्या नावाच्या प्रतीवर. मूळ फाइलच्या तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवा. आणि सोबत एक कागद लिहा: कोण गाते, कोठे, कधी, तबल्याला कोण, तंबोऱ्यावर कोण. गाणाऱ्याचे नाव बहुधा सर्वांना आठवते. मागे बसलेल्याचे नाव सांगणारे माणूस घरात आहे तोवरच विचारून घ्या.

आईचा तो जोडीवर रेंगाळणारा हात मला मोजता आला असता. तेवढे अंतर माझ्या आज्ञावलीत घातले, तर कृत्रिम तंबोराही तसाच वाजेल. ते मी केलेले नाही. आत्याला न पुसलेली फाइल नेऊन दिली आहे. ती रोज संध्याकाळी पहिली बाजू लावते, आणि "खर्ज उतरलाय" आले की क्षणभर थांबते.